बेदाण्याच्या ट्रकमधून मराठवाडा

सोमवार : विजयपूर ते तामलवाडी

पेट्या भरता भरता दुपार कलली. पंधरा-पंधरा किलोच्या खोक्यांची थप्पी लागत होती आणि दादा स्वतः हौद्यात उभा राहून एकेका हमालाला सांगत होता, "थप्पी आतल्या अंगाला कललेली पाहिजे. नाहीतर घाटात सगळा माल फाळक्यावर येतो." बेदाणा फार दाबलाही जाऊ द्यायचा नाही आणि सैलही ठेवायचा नाही. वरून ताडपत्री ओढून रस्सा आवळताना त्याने आणि क्लीनर पोराने अर्धा तास घालवला. कोपऱ्यातली एक घडी दादाला पसंत पडेना, ती त्याने पुन्हा सोडून बांधली.

दादा माझा मामेभाऊ. गाव गेवराई तालुक्यातलं, गाडी स्वतःची, दहाटायरी, हप्ते अजून चालू. विजयपूरचा, म्हणजे जुन्या विजापूरचा, बेदाणा इंदूरला पोचवायचा होता आणि वाटेत थोड्या पेट्या छत्रपती संभाजीनगरला उतरवायच्या होत्या. म्हणजे आमचा धुळे-सोलापूर रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत. लहानपणापासून हा रस्ता मी गावाच्या फाट्यावर उभं राहून पाहिला आहे. ट्रक येतात, जातात. कुठून येतात, कुठे जातात, आणि मधल्या आमच्या मुलखाच्या पदरात त्यातलं काय पडतं, हे सलग पाहायचं होतं. म्हणून केबिनमध्ये बसलो.

कागदोपत्री हा राष्ट्रीय महामार्ग ५२. पंजाबातल्या संगरूरला सुरू होतो आणि हरियाणा, राजस्थान, मध्य प्रदेश, महाराष्ट्र करत कर्नाटकात अंकोल्याला समुद्राजवळ संपतो. सहा राज्यं, सुमारे २३०० किलोमीटर. पूर्वी त्यातला सोलापूर ते धुळे एवढाच तुकडा २११ नंबरचा होता. आमच्याकडे अजूनही कुणी बावन्न म्हणत नाही.

निघण्याआधी दादाने मोबाइलवर ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचं ऑनलाइन बिल, पाहून घेतलं. पन्नास हजारांच्या वरचा माल असला की हे लागतं, आणि दर दोनशे किलोमीटरला एक दिवस मिळतो. आमचं अंतर सव्वाआठशेच्या आसपास, म्हणजे पाच दिवस. "आधी नाक्यावर रात्र जायची, आता बिलाकडं बघत जाते," तो म्हणाला. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि राज्याच्या हद्दीवरचे विक्रीकराचे नाके उठले. त्याआधी शिक्क्यासाठी रांगेत काढलेल्या रात्री दादाच्या अजून लक्षात आहेत.

अंधार पडायच्या बेताला भीमा ओलांडली. अलीकडे कर्नाटकातलं धूळखेड, पलीकडे दक्षिण सोलापुरातलं टाकळी. पुलावर गाडीचा वेगसुद्धा कमी झाला नाही. दुकानांच्या पाट्या कानडीच्या मराठी झाल्या एवढंच, आणि पुढच्या चहाच्या टपरीवरचा माणूस गिऱ्हाईक पाहून दोन्ही भाषा बोलत होता.

खरी हद्द मला पुढे लागली. सोलापूर मागे टाकून तामलवाडीला, धाराशिव जिल्ह्याच्या पहिल्या गावात, मुक्कामाला थांबलो. १९४८पर्यंत इथे दोन राज्यं एकमेकांना भिडत होती. सोलापूर मुंबई इलाख्यात (१९४७पर्यंत इंग्रजांच्या), तुळजापूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात. हद्दीवर करोडगिरी नाके होते, मालावर जकात बसायची. नाणंही बदलायचं. तिकडे कलदार, इकडे हाली सिक्का, सहा कलदार म्हणजे सात हाली. माझे आजोबा सोलापूरच्या बाजाराला जाताना पैसे दोन कनवटींत ठेवत असत. भाषा एक, देवी एक, सोयरिकी एकमेकांत, आणि तरी बाजाराला गेलं की हद्द. त्या नाक्यांवर सत्याग्रह्यांनी हल्ले केले, नाके जाळले. १३ सप्टेंबर १९४८ला सोलापूरकडूनच भारताच्या फौजा आत आल्या आणि १७ तारखेला संस्थान शरण आलं. धाब्यावर शेंगाचटणी आणि भाकरी खाताना मी दादाला हे सांगत होतो. तो एवढंच म्हणाला, "म्हंजी तवाही नाका होताच."

मंगळवार : तुळजापूर, धाराशिव, तेर

तुळजापूरचा घाट चढताना पहाट झाली. वळणरस्ता आता गावाबाहेरून जातो, पण दादाने देवळाच्या दिशेला गाडी हळू करून हात जोडले. त्याच्या मागच्या ट्रकवाल्यानेही जोडले असणार, कारण हॉर्न कुणी वाजवला नाही. कोजागिरीला हाच रस्ता वाहनांना बंद असतो. सोलापूरकडून, कर्नाटकातून माणसं रात्रभर चालत येतात, डांबरावर फक्त पावलं. आम्ही दिवाळीनंतर गेलो, तेव्हा घाटात ट्रकच ट्रक होते.

धाराशिवच्या अलीकडे मागच्या चाकावर खडखड वाढली. उतरून पाहिलं तर पाट्याचं, म्हणजे स्प्रिंगचं, एक पान तुटलेलं. पाटेवाल्या मिस्त्रीने गाडी जॅकवर घेतली आणि संध्याकाळपर्यंत सोडणार नाही म्हणून सांगितलं. दादा तिथेच चटई टाकून झोपला. मी एसटी धरून तेरला गेलो.

तेर पाहिल्याशिवाय हा रस्ता कळत नाही, असं माझं पक्कं मत झालं आहे. आज लोक गोरोबाकाकांच्या दर्शनाला येतात, तेरणेच्या काठचं साधं गाव वाटतं. पण इसवीसनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून आपल्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली, 'पेरिप्लस' नावाने ती ओळखली जाते. त्यात तो सांगतो की भरुच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, आणि तिथून दहा दिवसांवर तगर नावाचं फार मोठं शहर आहे. पैठणहून अकीकासारखे रंगीत दगड येतात, तगरहून साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल. रस्ता नसलेल्या विस्तीर्ण मुलखातून गाड्यांवर लादून हा माल बंदराला उतरतो, असं तो मुद्दाम नोंदवतो. ते तगर म्हणजे हे तेर. फ्लीट या अभ्यासकाने १९०१मध्ये ही ओळख पटवली.

लामतुरे संग्रहालयात मी बराच वेळ होतो. काचेमागे एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे, जेमतेम वीतभर. कमरेची मेखला, हातातल्या बांगड्यांची दाटी, पाठीवर सोडलेली वेणी, सगळं नखाएवढ्या जागेत कोरलेलं. हिच्याच घराण्यातली म्हणावी अशी एक हस्तिदंती मूर्ती १९३८मध्ये इटलीत पॉम्पेईच्या ढिगाऱ्यात मिळाली. ते शहर इसवीसन ७९मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे मूर्ती त्याआधी तिथे पोचलेली होती. रोमी नाण्यांच्या नमुन्यावर केलेली मातीची पदकंही तेरला निघाली आहेत, वर दोरा ओवायला छोटी कडी. कुणीतरी तेरणेकाठच्या मातीत परदेशी राजाचा मुखवटा दाबून गळ्यात घालायचा दागिना केला होता. बाहेर त्रिविक्रमाचं देऊळ आहे, विटांचं, मागची बाजू गजपृष्ठासारखी गोल. मूळचं ते बौद्ध चैत्यगृह मानतात.

परतीच्या एसटीत मनात एकच गोष्ट घोळत होती. तेव्हा इथला कोष्टी इथेच बसून विणत होता आणि त्याचं कापड जगात जात होतं.

बुधवार : येडशी, मांजरसुंबा, गेवराई

पाटा बदलून गाडी पहाटेच निघाली. येडशी, येरमाळा, तेरखेडा. तेरखेड्याला रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी फटाक्यांची दुकानं. दिवाळी सरली होती तरी पाट्या होत्याच, कारण लग्नसराई आणि मिरवणुका वर्षभर चालतात. कुंथलगिरीच्या फाट्याजवळ दादाने पेढे घेतले. भूम-वाशी भागातला खवा दूरवर जातो, आणि इतक्या कमी पावसाच्या माळरानावर दुधाचा धंदा उभा राहिला याचं श्रेय इथल्या बायांना आहे. पहाटे चारला उठून त्या धारा काढतात.

बालाघाटाचं पठार नोव्हेंबरात सुंदर दिसतं. तूर फुलावर, शाळू वीतभर वर आलेला, कापसाची बोंडं फुटलेली आणि वेचणाऱ्या बायका कमरेला ओटी बांधून ओळीत. चौसाळ्यापर्यंत आम्ही फारसं बोललो नाही.

मांजरसुंब्याला थांबलो आणि तिथे माझा सगळा दिवस भरून गेला.

आमचं तोंड उत्तरेला होतं. समोरून दक्षिणेला जाणाऱ्या गाड्या येत होत्या, आणि त्यांत माणसं होती. ऊसतोडीला निघालेली. एका ट्रकच्या हौद्यात सात-आठ कुटुंबं, पत्र्याच्या पेट्या, कोपीसाठी बांबू आणि चटया, पाण्याचे ड्रम, शेळ्या, पाटीखाली झाकलेल्या कोंबड्या, मागे फाळक्याला बांधलेली एक सायकल. ट्रक चहाला थांबला होता. एक बाई खाली उतरून लेकराला पाजत बसली होती. तिची दुसरी मुलगी, असेल आठ-नऊ वर्षांची, शाळेचं दप्तर पाठीला लावूनच उभी.

"कुठल्या कारखान्याला चाललाव, मावशी?" मी विचारलं.

"बागलकोटाकडं. मुकादम सांगन तिकडं."

"पोरीची शाळा?"

"आजी असती तर ठिवली असती. आता कोन बघनार हिला?"

तिचा नवरा चहा घेऊन आला. दोघं मिळून एक कोयता. कारखान्याच्या हिशेबात नवरा-बायको ही दोन माणसं नसतात, एक कोयता असतो. उचल दिवाळीआधीच घेतलेली, त्यातली बरीच खर्चूनही झालेली, आता ती टनाटनाने फेडायची. मार्चपर्यंत, ऊस जास्त असला तर त्याही पुढे. मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृहाची सोय सरकारने केली आहे, पण मूल ठेवायला घरात एक तरी म्हातारं माणूस लागतं, आणि बऱ्याच घरांत तेही कोयत्याबरोबर जातं.

दादाने पेढ्यांचा पुडा उघडला आणि त्या मुलीच्या हातात दिला. तिने आधी आईकडे पाहिलं, मग घेतला.

मला जे म्हणायचं आहे ते मांजरसुंब्याच्या त्या चौकात स्पष्ट झालं. दोन हजार वर्षांपूर्वी या वाटेने आमचं कापड बाहेर जात होतं, आज आमचे हात बाहेर जातात. दुसऱ्याचा बेदाणा आमच्या दारावरून उत्तरेला जातो, कारखान्याची यंत्रं आणि गाड्यांचे सुटे भाग दक्षिणेला जातात, आणि बीडचा माणूस कोयता घेऊन त्यांच्याच शेजारून चालतो. चारपदरी रस्ता झाला हे चांगलंच झालं. बीडहून बाळंतीण बाई संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात वेळेत पोचते, कापसाची गाडी रात्रीत जिनिंगला लागते, हे मी घरात पाहिलेलं आहे. पण रस्त्याने गावाला भाव यायचा तर गावात विकायला काहीतरी बनलं पाहिजे. कुंथलगिरीचा पेढा बनतो, म्हणून त्या फाट्यावर गाड्या थांबतात. बाकीच्या फाट्यांवर काय आहे?

घाट उतरून पालीजवळून बिंदुसरा पाहिली, बीडला थांबलो नाही. पाडळसिंगीला फास्टॅगचा टीं आवाज झाला, पुढे गेवराई. दादाच्या घरी जेवलो. मामीने बाजरीची भाकरी, ठेचा आणि पातळ भाजी केली होती, आणि गाडीसाठी वेगळं गाठोडं बांधून दिलं. दादाचा धाकटा मुलगा स्टेअरिंगवर बसून आला, तेवढी त्याची बापाशी भेट. मग शहागडला गोदावरी ओलांडली. पूल लांब आहे आणि खाली पाणी होतं. जायकवाडीच्या खालच्या अंगाला पाणी दिसलं की आमच्याकडचा माणूस आपोआप गप्प होऊन बघत राहतो.

पाचोडला मोसंबीच्या गाड्या भरत होत्या, रात्रीच्या दिव्यात पिवळे ढीग. ही बाग इथली, हा माल इथला, आणि तो बाहेर जात होता. दादाने खाली उतरून भाव विचारला, घ्यायचं काही नसताना.

गुरुवार : संभाजीनगर, पितळखोरा, चाळीसगाव

पहाटे जाधववाडीला पेट्या उतरवल्या. हमालीवरून थोडी घासाघीस झाली, मिटली. शहराला वळसा घालून माळीवाड्याजवळ आलो तेव्हा समृद्धी महामार्ग आडवा लागला. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, शेवटचा टप्पा जून २०२५मध्ये सुरू झाला. आमचा रस्ता उभा, तो आडवा. देशभराचा माल आता मराठवाड्याच्या या चौकातून चारी दिशांना जाणार आहे. वाळूज, शेंद्रा, बिडकीनच्या कारखान्यांना याचा फायदा होईल. कन्नड आणि गेवराईला तो पोचावा, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

कसाबखेड्याला दादाची आणि माझी वाट वेगळी झाली. कन्नडच्या औट्रम घाटात जड वाहनांना २०२३पासून न्यायालयाच्या आदेशाने बंदी आहे. घाट अरुंद, दरडी कोसळणाऱ्या. ऑगस्ट २०२१च्या अखेरीला एका रात्रीच्या पावसाने तिथे डोंगरच रस्त्यावर आला होता. बोगद्याची मागणी जुनी आहे. तोवर ट्रकांनी देवगाव रंगारी, शिऊर बंगला, न्यायडोंगरी करत चाळीसगावला जायचं. डिझेल जास्त, वेळ जास्त, आणि भाडं तेच. "राष्ट्रीय महामार्ग हाय, पन आपल्यासाठी न्हाई," दादा म्हणाला आणि डावीकडे वळला.

मी कन्नडच्या मित्राच्या मोटारसायकलवर. वेरूळ ओलांडून कन्नड, तिथून कालीमठाच्या बाजूने पितळखोरा. पठार एकदम तुटतं आणि पायऱ्या दरीत उतरतात. ओढ्याच्या काठाला कड्यात कोरलेली लेणी, इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराची. दगड ठिसूळ, निम्मं कोसळलेलं. पण एका विहाराच्या जोत्यावर हत्तींची रांग अजून उभी आहे, आणि दाराशी भालेवाले द्वारपाल. अंगरख्याच्या चुण्या मोजता येतील इतक्या स्पष्ट.

मला पाहायचे होते खांबांवरचे लेख. ब्राह्मी मला वाचता येत नाही, पण त्यांत काय लिहिलं आहे ते माहीत होतं. एक खांब पैठणच्या मितदेव नावाच्या गंधिकाने दिला. गंधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. दुसरा पैठणच्याच संघकाच्या मुलांनी. आणखी काही दानं मगिल नावाच्या राजवैद्याच्या घरची. इथे मिळालेल्या यक्षाच्या मूर्तीवर ती कण्हदास सोनाराने केल्याचं कोरलेलं आहे, ती मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

पैठणचा अत्तरवाला इतक्या लांब, या दरीत खांब का देतो? कारण ही त्याच्या धंद्याची वाट होती. पैठणहून खानदेशात आणि पुढे भरुचला उतरायचं तर सह्याद्रीची ही भिंत इथेच कुठेतरी ओलांडायची. माल सुखरूप घाट उतरला, दोन पैसे मिळाले, की वाटेवरच्या भिक्खूंना दान. भिक्खूही वाटसरूला निवारा देत असणार. व्यापाऱ्याने वाटेवर काहीतरी ठेवून जायचं, ही रीत मला फार मोलाची वाटते. मी त्या खांबाला हात लावला नाही, पण जवळ बराच वेळ उभा होतो.

संध्याकाळी घाट उतरलो. वळणावरून खाली खानदेशाचं सपाट रान दिसतं. निजामाची हद्दही साधारण इथेच संपायची. वर कन्नड निजामाच्या संस्थानात, खाली चाळीसगाव इंग्रजी मुलखात. आमच्या मराठवाड्याची या रस्त्यावरची दोन्ही दारं, तामलवाडी आणि हा घाट, जुन्या राज्यांच्या सीमाच आहेत. दादा दोन तासांनी चाळीसगावला आला, धुळीने माखलेला. केळीच्या पानावर शेवभाजी खाल्ली आणि गाडीतच झोपलो.

शुक्रवार, शनिवार : धुळे, सेंधवा, इंदूर

धुळ्याला सुरत-नागपूर रस्ता आणि मुंबई-आग्रा रस्ता येऊन मिळतात. गर्दी अशी की दोन तास गेले. सावळद्याला तापी ओलांडली, शिरपूर मागे पडलं, पळासनेरनंतर मध्य प्रदेश. बिजासनचा घाट आम्ही चढत होतो, समोरून ट्रक उतरत होते, आणि दादा प्रत्येकाच्या चाकांकडे पाहत होता. या उतारावर ब्रेक गेलेल्या गाड्यांच्या गोष्टी प्रत्येक ड्रायव्हरकडे आहेत. बिजासनी मातेपुढे त्याने नारळ फोडला. सेंधव्याच्या जिनिंगांबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग होती. दादाने नंबरप्लेटी पाहिल्या, बऱ्याच एमएच होत्या.

इंदूरला शनिवारी सकाळी माल खाली झाला, बिलाची मुदत संपायच्या आत. ट्रान्सपोर्टवाल्याकडे दोन भाडी होती. एक नागपूरचं, पैसे चांगले. दुसरं सोलापूरचं, प्लास्टिकचे पाइप, त्यात हजार-दीड हजार कमी. दादाने फार विचार केला नाही, सोलापूरचं घेतलं. गेवराई वाटेवर लागते. पाइप ठिबकचे होते, आणि त्यातला काही माल चौसाळ्याच्या दुकानदाराला उतरवायचा होता. दादाने बिल्टीवर गावाचं नाव वाचलं, मला दाखवलं आणि ताडपत्री सोडायला वर चढला.